कोळशात विलीन झालेलं केशर

"पाणी! आम्हाला नुसतं पाणी पाजलं!" नवऱ्या मुलाचे मामा आमच्या बैठकीत असे कडाडले की असीरगडावरची वटवाघळं भर दुपारी उडाली. "बात पक्की करायला आलो, आणि ही मंडळी पाण्यावर बोळवण करतात!"

आमच्याकडे मुलीच्या घरचं केशरी सरबत पोटात गेलं की सोयरीक पक्की. नुसतं पाणी घेतलं तर ती साधी भेट, उठा आणि चालू लागा. ताई दाराआड उभी होती. मुलगा तिला आवडला होता. तिचा सगळा संसार त्या पेल्यात.

करणी माझ्या काकांची. काका शाळेत विज्ञान शिकवत आणि शाळेत न मावलेलं घरी आणत. देवळातल्या नारळांच्या करवंट्या त्यांनी तुपाच्या डब्यात कोंडल्या, डबा मातीनं लिंपून भट्टीत घातला, आणि त्या लालबुंद कोळशावरून किटलीची वाफ सोडली. ती अशी फुसफुसली की आमच्या गावच्या लालबाग स्टेशनावर जायचे दोन प्रवासी, गाडी आली समजून, वळकटी घेऊन आमच्या अंगणात उभे!

"वाफ कोळशाला आतून पोखरते," काका सांगत. "चिमूटभर उलगडून अंथरा, बहादरपूरच्या केळीबागा झाकून वर दोन धोतरं निघतील. आत एवढ्या भिंती! रंग, वास, जे येईल ते चिकटून बसतं."

त्यातून गाळलेलं तापीचं गढूळ पाणी इतकं नितळ झालं की आई हंडा रिकामा समजून वरून पाणी ओतायला लागली. इथं थांबायचं ना! पण कौतुक डोक्यात चढलं, आणि काकांनी तयार सरबतही गाळून टाकलं.

"साखर आहे की त्यात," काका मामांना समजावू लागले. "कोळसा साखरेच्या वाटेला फारसा जात नाही. केशर-वेलची तेवढी गेली."

"गेली कुठं?"

मामा एका चिमुकल्या संस्थानात दरबारी होते. संस्थान नुकतंच विलीन झालेलं. पगडी तेवढी मागे राहिली होती. काकांना हे ठाऊक होतं, तरी जीभ सुटलीच.

"विलीन झाली, मामासाहेब. तुमच्या संस्थानासारखी. डामडौल गेला, रयत जागेवर आहे."

मामांनी जोडे मागवले. वडिलांनी हात जोडले. मुलगा मामांच्या शेजारून उठला. त्यानं मामांचा अर्धा राहिलेला पेला उचलला, तळापर्यंत प्यायला, मिशी पुसली.

"गोड आहे, मामा. बसा खाली."