आंब्याचा वास

माझा धाकटा भाऊ दारातून आत आला की मी आधी त्याचा शर्ट हुंगायचे. वेडेपणाच तो! पण मला किडनी तो देणार होता, आणि डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की सिगारेट पूर्ण बंद, मगच ऑपरेशनची तारीख. भूल देताना फुप्फुसांनी साथ द्यायला हवी, नंतर जखम भरायला हवी. मी दिवसाआड डायलिसिसच्या मशीनला जोडलेली. माझा जीव त्याच्या खिशातल्या पाकिटावर टांगलेला होता.

आणि शर्टाला वास यायचा आंब्याचा.

"सोडली, ताई. आईशपथ सोडली," असं म्हणून तो खिशातून एक इलेक्ट्रॉनिक नळी, व्हेप म्हणतात ती, काढून दाखवायचा. पेनाएवढी, टोकाला निळा दिवा. खराडीत त्याच्या ऑफिसातले निम्मे लोक सिगारेटवरून तिच्यावर आले होते. ऑनसाइटला, म्हणजे कंपनीच्या कामाला परदेशी, गेलेलं कुणीतरी येताना सगळ्यांसाठी घेऊन यायचं. "यात जळत काही नाही. राख नाही, टार नाही. नुसती वाफ. सर्दी झाल्यावर घेतो ना आपण, तशी."

"मग टॉवेल घे की डोक्यावर," मी म्हणायचे. पण खरं सांगते, मला बरं वाटायचं. धुराचा वास येत नव्हता, एवढं मला पुरे होतं.

माझा नवरा जुना सिगारेटवाला. त्याला ती नळी डोळ्यांसमोर नको असायची. "आमच्या पाकिटावर निदान कॅन्सरचा फोटो असतो. आम्ही बघून मरतो. तुझ्या या पिपाणीवर काय? आंबा!"

"जिजू, तुमच्या छातीची घरघर हॉलपर्यंत ऐकू येते."

मांजरी गावातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत दोघं शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांच्या फुप्फुसांची काळजी वाहायचे. स्वतःच्या फुप्फुसांचं नाव कोणी काढेल तर शपथ.

शेवटच्या तपासण्या झाल्या आणि आम्ही तारीख घ्यायला गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. "सिगारेट ओढता?"

"नाही सर. सोडली."

"लघवीत निकोटिन आहे."

मी भावाकडे पाहिलं. तो माझ्याइतकाच हबकला होता. त्यानं खिशातून नळी काढली आणि टेबलावर ठेवली. "सर, फक्त हे घेतो."

"मग निकोटिन यातलंच. धूर नाही म्हणजे निकोटिन नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला? आणि ही वाफ फुप्फुसांचं काय करते, ते आम्हालाही अजून पुरतं माहीत नाही. हे बंद करा, मग पुन्हा तपासू. तोवर थांबू आपण."

थांबू! म्हणायला काय जातंय. सुया मला टोचून घ्यायच्या होत्या.

रिक्षात बसल्यावर माझं तोंड सुटलं ते घर येईपर्यंत मिटलं नाही. "आगीतून उठलास आणि फुफाट्यात जाऊन बसलास! इंजिनिअर ना तू? नळीत भरतोस त्या रसाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेवढं वाचता आलं नाही?"

"वाचलं होतं," तो म्हणाला. "पण तेवढ्यानं ऑपरेशन अडेल असं वाटलं नव्हतं. सिगारेटपेक्षा बरंच वाटलं, ताई." मग हळूच म्हणाला, "तिच्याशिवाय मला सिगारेट सुटलीच नसती."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. किडनी त्याची होती. ती काही ओरडून मागता येत नाही. रिक्षातून उतरताना त्यानं नळी माझ्या हातात दिली. "फेकू नकोस. ही नाहीच म्हटल्यावर मी टपरीवर जाईन. तुझ्याकडे ठेव."

पुढच्या डायलिसिसला तो रजा काढून माझ्याबरोबर आला. माझ्या डाव्या हातात सुया. तो हात हलवायचा नाही, हलला की मशीन कोकलायला लागतं. नळी माझ्या पर्समध्ये, पर्स उजवीकडे, त्याच्या खुर्चीजवळ. थोड्या वेळानं त्याचा गुडघा नाचायला लागला. पाणी प्यायला, बाहेर जाऊन आला, नखं कुरतडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, एकदाच. खाली जाऊन येतो. एका झुरक्यानं काय होतंय?"

बोलायला शब्द ढीगभर होते, पुण्यात ते कधी कमी पडत नाहीत. ते सगळे मी बाजूला ठेवले. "पर्स तिथेच आहे," मी म्हणाले. "मी अडवणार नाही. मला भीती वाटतेय, एवढंच सांगते."

त्यानं पर्स उचलली. चेन उघडल्याचा आवाज आला. मी डोळे घट्ट मिटून घेतले. मशीन आपलं फिरत होतं. बऱ्याच वेळानं चेन पुन्हा ओढल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर तो पलंगाला वळसा घालून पलीकडे आला होता. माझ्या सुयांच्या हाताखाली एक उशी होती. तिच्याखाली त्यानं ती पर्स अलगद सरकवली, नळीसकट.

"आता हा हात हलवू नकोस," तो म्हणाला.