बावीत ओतलेला कॅन

बेट सोडलं त्या सकाळी आईने धक्क्यावर माझ्या हातात पाच लिटरचा कॅन दिला. होडी सुटायला आली होती, बॅग पायात अडखळत होती आणि ती सांगत होती, “बावीचं पानी हाय. तिकडचं सोसंपर्यंत हेच पी.”

बाव म्हणजे आमची विहीर. चहूकडे खाडी आणि मधोमध गोडं पाणी. जो तिचं पाणी बेटाबाहेर नेईल, त्याने परतताना बाहेरचं तेवढंच पाणी आणून तिच्यात ओतायचं, असा आमचा रिवाज. मी घरातली पहिली पदवीधर. नेरुळला नोकरी लागली, फ्लॅट झाला. बावीचं पाणी फेडायचं राहूनच गेलं. नंतर बेटावर जायचे ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत, पर्समध्ये विकतची बाटली घेऊन. आईच्या हातचं जेवण तेव्हाही पूर्वीसारखंच चवदार लागायचं.

बेटावर राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, यापुढचं तुम्हाला सांगायलाच लिहिते आहे.

गेल्या महिन्यात चक्कर येते म्हणून आईला नेरुळला आणलं. पहिल्याच दिवशी तिने वरण केलं. अळणी.

“आई, मीठ विसरलीस.”

“आमी घालतच नाय आता. लागतच नाय.”

मला वाटलं, वयाप्रमाणे पथ्य पाळते आहे. बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बीपी दोनदा मोजलं आणि दरडावून विचारलं, “आजी, मीठ किती खाता?”

आईला रागच आला. “चिमूटभर नाय! इचारा पोरीला.”

डॉक्टर मग म्हणाले, “पाणी कुठलं पिता?”

आईने येताना बावीच्या पाण्याची बाटली आणली होती. घरी येऊन मी एक घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकले. खाडीच होती ती.

“कधीपासून असं झालंय, आई?”

“कसं? झ्याक हाय की. तुमच्याच पान्याला चव नाय.”

ती लपवत नव्हती. तिला कळलंच नव्हतं. दर उधाणाला खाडी बांधावरून थोडी थोडी आत आली, तसतसा तिचा हात मिठाच्या बरणीपासून लांब गेला. महासागरातली दूरची बेटं बुडताहेत अशी बातमी पाहून मी इथे सोफ्यावर बसून हळहळले होते. त्यांत आपलंही बेट मोजावं, हे इतकं शिकूनही मला सुचलं नव्हतं.

“इथेच राहा,” म्हणून खूप विनवलं. “बांधावर माती टाकायची आपली पाळी हाय,” ती म्हणाली. “उधान काय तुझी सोसायटी थांबवनार?” शेवटी तोच जुना कॅन इथल्या नळाचं पाणी भरून दिला. फक्त हेच प्यायचं, अशी शपथ घातली.

परवा फोन केला. “कॅनमधलंच पितेस ना?”

“कॅन? तो बावीत ओतला. किती वर्सं तुझा रायला होता.”

तिचा आवाज हलका झाला होता, लेकीच्या डोक्यावरचं काहीतरी उतरवल्यासारखा.

घर म्हणजे काय, याचं उत्तर मला पूर्वी यायचं. आता एवढंच ठाऊक आहे की रविवारी पहिल्या होडीने जायचं आहे. दोन कॅन भरून ठेवलेत. एक आईचा, एक बावीचा. बावीचा नेला नाही, तर आई तिचाही बावीतच ओतेल, पिणार नाही.