रांजणाच्या पाण्यातले झिंगे

काच कापण्याआधी ते तिच्यावर हलकी फुंकर घालत. चालताना जमिनीकडे बघत. दिवस मावळायच्या आत जेवत. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत, आणि फडक्यात उरलेलं पुन्हा त्याच विहिरीत सोडत. निघणाऱ्या कुणाला "जा" म्हणत नसत, "या" म्हणत.

धन्यकुमार मगदूम गुरुवारी गेले. सांगलीत त्यांचं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. दुपारी छातीत कळ आली, दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. मी त्यांना अण्णा म्हणायचो. ते माझ्या वडलांच्या वयाचे, तरी मैत्री होती.

गेल्या, म्हणजे पंचाहत्तरच्या हिवाळ्यात आम्ही दोघं कृष्णेच्या घाटावर होतो. हरिबा भोई जाळ्यातले झिंगे पाटीत ओतत होता. बोटाच्या पेराएवढे, आरपार दिसणारे. आमच्या कोरेगावच्या घरी हे कालवणात पडतात. अण्णांना एका मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला. त्यांनी सगळी पाटी विकत घेतली. तिथंच सोडले असते तर पुन्हा जाळ्यात आले असते, म्हणून घरी नेले.

दुकानातल्या काचा कापून, लोखंडी चौकटीच्या फटींत लांबीचा लगदा भरून त्यांनी टाकी केली. तीत घरातलं सगळ्यांत शुद्ध पाणी ओतलं. गाळलेलं, तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं.

झिंगे पांढरे पडू लागले, आडवे झाले. अण्णांनी हंड्यातलं आणखी ताजं पाणी घातलं. एकही वाचला नाही.

"मी मारले," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी उपवास केला.

जैनांच्या बस्तीत दर्शनाला गेले तेव्हा कुणीतरी बोललंच, "धन्यकुमार, पिंजरा काचेचा केला म्हणून काय झालं?"

अण्णांनी नेम घेतला. जेवढे मेले तेवढे वाढवायचे आणि नदीत सोडायचे. तोवर गोड खायचं नाही.

त्यांच्या पत्नी, प्रभावतीकाकू, चिडल्या. "अहो, त्यानं मेलेले परत येणार आहेत का?"

"नाही येणार," अण्णा म्हणाले.

पुन्हा घाटावर गेलो. अण्णा एकेक झिंगा निरखू लागले. अंगात दुधाळपणा नको. दोन्ही मिशा शाबूत हव्यात. बोट नेलं की झटकन मागं उडायला हवा.

"आवं मालक," हरिबा हसला, "पोरगी बघाया आल्यागत काय बघताय? न्या की समदं!"

निवडून आणलेलेही हंड्यातल्या पाण्यात दोन दिवसांत मलूल झाले. त्याच आठवड्यात हंडा गळू लागला आणि तांबटाकडे गेला. घरातलं पाणी रांजणात भरलं गेलं, टाकीतलं पाणी बदलतानाही तेच घातलं. उरलेले झिंगे सावरले, काचेवर चढू लागले.

अण्णा रिकाम्या तिवईकडे बघत राहिले. तिच्यावर हंडा असायचा. "देवाला चालतं ते तांबं," ते म्हणाले, "यांना विष."

त्यानंतर हंडा टाकीच्या जवळपासही आला नाही. टाकीत विटेचे तुकडे, नदीतलं शेवाळ, उकडलेल्या दुधीची फोड. उन्हाळ्याच्या तोंडी पिल्लं झाली. पापणीच्या केसाएवढी, पण आकार पुरा झिंग्याचा. पाणी बदलताना अण्णा ते फडक्यातून गाळत, आणि फडकं टाकीतच उलटं खळबळून घेत. पिल्लं वाढली. गेल्या पंधरवड्यात अण्णा म्हणाले, "भरली संख्या."

आता सोडायची जागा हवी होती. अण्णा हरिबाला म्हणाले, "जिथं तू जाळं टाकत नाहीस, अशी जागा दाखव."

"लय आवघड बोललासा. तसली जागा ठेवली तर आमी खायाचं काय?"

अण्णा जागचे हटले नाहीत.

हरिबानं डोकं खाजवलं. "वरच्या अंगाला एक डोह हाय. आमची मानसं तिथं जात न्हाईत म्हना. आयतवारी या, होडीतनं दावतो."

काल प्रभावतीकाकूंनी मला टाकीजवळ नेलं. झिंगे दुधीच्या फोडीला लगडले होते.

"सोडायचे म्हणत होते," त्या म्हणाल्या. "कुठं, ते तुला सांगितलं होतं का रे?"

डोह मला ठाऊक नाही. अण्णांनीही तो पाहिला नव्हता. उद्या, रविवारी, हरिबाच्या होडीतून जाऊन बघायचा होता.