तिसऱ्या अंकातली कोरी ओळ

आमच्या गावात दोन पुरुषांचा अबोला झाला की हाल होतात ते तिसऱ्याचे. बायका भांडल्या तर चार दिवस धुसफुसतात आणि पाचव्या दिवशी एकीच्या घरचं कालवण दुसरीच्या घरी पोचतं. पुरुषांचं तसं नसतं. ते एकाच बाकावर बसतात, एकाच किटलीतला चहा घेतात आणि एकमेकांकडं न बघता मधल्या माणसाला म्हणतात, "त्याला सांग." मधला माणूस सांगतो. समोरच्यानं ते आधीच ऐकलेलं असतं, तरी तो निरोप पुरा होईपर्यंत शहाण्यासारखा थांबतो. ह्याला आमच्याकडं मर्दपणा म्हणतात, आणि मी तो अडीच वर्षं नेटानं निभावला.

आमचा मधला माणूस म्हणजे पिठाच्या गिरणीचा मालक. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं तो कानातली गोष्टही ओरडून सांगतो. त्यामुळं आमचा अबोला अख्ख्या गावाला पाठ होता.

गाव कडा ह्या बाजारगावापासून आठ-नऊ किलोमीटरवर. माझं घर शेतीवाल्यांचं, माझ्या मित्राचं मेंढरं राखणारं. तिसरीच्या वर्गात आम्ही एका बाकावर आलो आणि तिथून पुढं कायम बरोबर. मी शाळेत मास्तर झालो, तो मेंढरांमागं राहिला. ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की चैत्रात आमची जत्रा भरते आणि जत्रेत गावाचं नाटक होतं. विनोदी नाटक मी लिहायचो, मुख्य काम तो करायचा. तो घोंगडी खांद्यावर टाकून नुसता उभा राहिला तरी लोक हसायचे. त्याला एकच खोड होती. बोलता बोलता तो वळायचा आणि प्रेक्षकांना पाठ दाखवायचा. "काही झालं तरी लोकांना पाठ दाखवायची नाही," हे मी त्याला इतकी वर्षं ओरडून सांगितलं, की शेवटी तो रस्त्यावर बोलतानासुद्धा लोकांकडं तोंड करून उभा राहायला लागला.

आता माझी करणी सांगतो. त्याच्याकडं एक एडका, म्हणजे मेंढा होता, लेकरासारखा हातावर वाढवलेला. त्याच्या गळ्यात नारायणगडाच्या जत्रेतून आणलेली घंटी होती. एका सकाळी एडक्याचं पोट फुगलं. मी शाळेला निघालो होतो, वाटेत त्याच्या वाड्यावर डोकावलो, तर हा एडक्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. डॉक्टर येईपर्यंत एडका गेला, आणि माझ्या मित्रानं हंबरडा फोडला. पन्नाशीला टेकलेला, मिशा राखलेला माणूस, नाक गळतंय, घंटी हातात घट्ट धरलीय. तिथं दुसरं कुणी नव्हतं. त्याचं ते रडणं फक्त मी बघितलं.

आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात मी त्याची नक्कल केली. घंटीच्या जागी चहाचा चमचा वाजवला, नाक ओढलं, हंबरडा काढला. हॉटेल गदागदा हसलं. मला वाटलं, काय रंगलं! वळून बघतो तर तो दारात उभा. चहाही न घेता गेला. त्या दिवसापासून "त्याला सांग" सुरू झालं.

पुढं दोन जत्रा नाटकावाचून गेल्या. लोक मला विचारायचे, मी कधी परीक्षेचं, कधी निवडणुकीचं कारण सांगायचो. तिसऱ्या वर्षी मात्र मी ठरवलं, नाटक होणार. नाटकाशिवाय आम्ही दोघं एका जागी उभे राहणार नव्हतो, आणि असंच चाललं तर एक दिवस आमच्यातला एक जण दुसऱ्याच्या मातीला जाऊन तिथंही मधल्या माणसाला "त्याला सांग" म्हणाला असता. ते मला सहन होणारं नव्हतं. मी गिरणीवाल्याला पाठवलं. उत्तर आलं, "काम करीन, पर बोलणार न्हाई. त्याला सांग."

मी दोन मित्रांच्या अबोल्यावरच नाटक लिहिलं. तीन अंकी, अगदी घोटून बांधलेलं. पहिल्या अंकात भावकीतला एक कळलाव्या दोघांचे कान भरतो. दुसऱ्यात दोघं एकमेकांची फजिती करायला जातात आणि स्वतःच फसतात. विनोदाचा साधा हिशेब आहे: एक गोष्ट पहिल्यांदा घडली की लोक बघतात, दुसऱ्यांदा हसतात, तिसऱ्यांदा ती उलटी पडली की खुर्च्या मोडतात. मी सगळं तिसऱ्यांदा उलटं पाडलं होतं. शेवटी कळलाव्याचं बिंग फुटतं आणि दोघं गळ्यात पडतात. दोघा मित्रांची कामं त्याला आणि गिरणीवाल्याला दिली. मी वही घेऊन पडद्यामागं.

वाचन गिरणीतच झालं. माझा मित्र ज्वारीच्या पोत्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग भिंतीकडं बघून म्हणाला, "त्याला सांग, ह्यात चूक कुणाची हाय?"

गिरणीवाला ओरडला, "चूक कुणाची हाय?"

"कळलाव्याची," मी म्हणालो.

"त्याला सांग, कळलाव्या आणला की लेखक सुटला. दोघं बी सोवळे, मग भांडले कावून?"

माझं डोकंच फिरलं. मेंढरांमागं फिरणारा मला नाटकाची बांधणी शिकवतो! वही उचलून घरी गेलो आणि तीन दिवस बायकोवर, पोरांवर, वर्गातल्या फळ्यावर राग काढला. चौथ्या दिवशी वही उघडली आणि लाज वाटली. त्याचं खरं होतं. मी कळलाव्या आणला होता तो गोष्टीसाठी नाही, लपायला. नाटकातल्या भांडणाला बाहेरचं कारण मिळालं की हॉटेलातला चमचा कुणाला आठवणार नव्हता. मी कळलाव्याचं पात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खोडलं.

मग जे घडलं तेच लिहिलं. पहिल्या अंकात एडका मरतो, एक मित्र रडतो, दुसरा बघतो. दुसऱ्यात तो बघणारा हॉटेलात नक्कल करतो आणि मधल्या माणसाची धावपळ सुरू होते. हे दोन अंक आठवड्यात झाले. तिसरा होईना. एकदा मी त्या मित्राला विहिरीत पाडलं, एकदा खोटं आजारी पाडलं, एकदा पोरीच्या लग्नाच्या मांडवात दोघांना समोरासमोर आणलं. प्रत्येक शेवट गिरणीवाला ओरडून वाचायचा आणि पोत्यावरून उत्तर यायचं, "न्हाई." सहा शेवट गेले. मी सातवा लिहायला घेतला. मागं हटणार नव्हतो.

त्याच दिवसांत एका दुपारी गिरणीचा पट्टा तुटला. गिऱ्हाइकं खोळंबली, आणि आम्ही दोघं पोत्यांवर बसून निरोप देतोय. गिरणीवाल्यानं हातातला पाना आपटला. "मी काय टपालवाला हाय का बे तुमचा? अडीच वर्सं झाली! तुमचं तुमी बघा." आणि पट्टा आणायला कड्याला निघून गेला. आम्ही दोघं उरलो. मधे कुणी नाही. मी घसा खाकरला. त्यानं टोपी काढून झटकली, परत घातली. पंधरा-वीस मिनिटं आम्ही असे बसलो, आणि मग तो उठून गेला. मला स्वतःचा इतका संताप आला, की मी मोठ्यानं स्वतःला शिवी घातली. माझ्या तोंडासमोर तिसरा अंक बसला होता आणि मी त्याला जाऊ दिला.

पण नाटकाचा शेवट तिथंच सापडला. काही पाडायचं नाही, कुणाला आजारी करायचं नाही. मधला माणूस काढून घ्यायचा, एवढंच. तो वैतागून जातो, दोघं उरतात आणि चूक करणाऱ्याला बोलावंच लागतं. मी त्याची ओळ लिहिली. समोरच्याचं उत्तर लिहायला गेलो आणि पेन थांबलं. क्षमा माझ्या हातानं लिहून त्याच्या तोंडात घालणं ही परत एकदा नक्कलच झाली असती. त्याची ओळ मी कोरी ठेवली.

गिरणीवाल्यानं वाचलं. माझ्या मित्रानं वही हातात मागून घेतली, कोरी जागा बोटानं चाचपली. "त्याला सांग, पडद्यामागं बसून हे जमायचं न्हाई. ते काम त्यानं करावं. माझ्या ओळीचं बघू." म्हणून मी चूक करणारा झालो आणि गिरणीवाला मधला माणूस. बाकी तालमीत आम्ही त्या ओळीपाशी येऊन दर वेळी थांबायचो. तो घोंगडी उचलून मेंढरांकडं निघायचा.

त्या वर्षी आमच्या भागात बिबट्या हिंडत होता, म्हणून पंचायतीनं नाटक दिवसाउजेडी उरकायला सांगितलं. दुपारी चारला शाळेच्या मैदानावर पडदा उघडला. पहिल्या अंकात तो घंटी घेऊन बसला आणि रडायला लागला. गावाला माझी नक्कल आठवत होतीच, लोक खो खो हसले. तो थांबला नाही. आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही, रडत राहिला. हसू हळूहळू विरलं. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकीनं पदर डोळ्याला लावला. मैदान गप्प झाल्यावर त्यानं नाक पुसलं आणि एडक्याला म्हणाला, "उठ आता, माणसं बघायलीत." तेव्हा जे हसू फुटलं ते त्यानं दिलेलं होतं. मी विंगेत उभा होतो. अडीच वर्षांपूर्वी मी त्याच्याकडून काय हिसकावलं होतं ते मला तिथं समजलं.

तिसऱ्या अंकात गिरणीवाला पाठ केल्याबरहुकूम भडकला आणि टाळ्या घेत निघून गेला. आम्ही दोघं उरलो. मी ओळ म्हटली. "तुझं रडणं मी एकट्यानं बघितलं होतं. ते झाकायचं सोडून मी हाटेलात मांडलं. चूक माझी हाय."

ओळ संपली होती, पण मी थांबलो नाही. "माझा बाप गेला तवा माझ्या डोळ्यातून टिपूस न्हाई आलं. लोक म्हणले, वाघ हाय. मी वाघ नव्हतो बे. मला येतच नव्हतं. तुला एडक्यासाठी आलं, म्हणून जळलो मी."

हे वहीत नव्हतं. त्यानं सवयीनं बाजूला हात केला, "त्याला सां..." आणि बघितलं तर तिथं कुणी नाही. लोक हसले. त्यानं त्या रिकाम्या जागेकडं बघितलं, मग माझ्याकडं. सरळ डोळ्यात.

"एवढ्या एका ओळीला अडीच वर्सं लावलीस व्हय बे?"

लोक इतके हसले की पुढचं काही ऐकू येईना. आणि मला रडू फुटलं. नाटकातलं नाही. बापाचं, एडक्याचं, सगळंच एकदम, नाक गळेपर्यंत. गावाला तोही विनोदच वाटला, हसू वाढतच गेलं. पडदा ओढणाऱ्याला कळेना ओढू की नको. मी हातानं तोंड झाकायला गेलो, तोच तो दोन पावलं पुढं आला, माझ्या आणि लोकांच्या मधे उभा राहिला, खांद्यावरची घोंगडी दोन्ही हातांनी पसरली आणि मला आडोसा केला. मी रडून होईपर्यंत तो तसाच उभा होता, साऱ्या गावाला पाठ दाखवून.