बुधवारचं गाऱ्हाणं

आमच्याकडे कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असत. वडील ती बाजारात वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच, त्यामुळे ठाम वाक्यांची सवय लहानपणापासूनची. वेंगुर्ल्याच्या आमच्या छोट्या चर्चला पाळक महिन्यातून एकदाच येतात. मधल्या काळात आजाऱ्यांकडे कोणी फिरकत नसे. त्यावर मीही एक पत्रक लिहिलं: प्रार्थना चालवणं ही पाळकांची मक्तेदारी नाही, कोणाही सभासदाला ती चालवता आली पाहिजे. पाळकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "मग शिकव त्यांना."

चार शनिवार शिकवलं. सहाजणी आल्या, टिकली एक. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. चिकानं बोटं कायमची काळी झालेली. तिच्या जोडीनं बसणारी बाई पाय मोडून अंथरुणाला खिळली होती. तिच्या घरी दर बुधवारी प्रार्थना चालवायची, एवढंच हिला हवं होतं. पहिल्या बुधवारी मी बघायला जायचं आणि मी होकार दिला तरच रविवारी पाळक येतील तेव्हा तिचं नाव जाहीर करणार, असं ठरलं. मी तिला एक प्रार्थना लिहूनही दिली.

पडवीत वाडीतल्या शेजारणी जमल्या होत्या, सगळ्या देवळात जाणाऱ्या. तिनं कागदाची घडी उलगडली आणि 'हे सर्वसमर्थ पित्या'वरच अडखळली.

"तुझो कागद वाचून होयसर माझो पाय बरो होतलो गो!" अंथरुणावरून आवाज आला. सगळ्या हसल्या.

तिनं कागद खाली ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. ह्या बायेचो पाय मोडलो आसा, तिका उभी कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" शेजारणी एका सुरात म्हणाल्या. देवळात गाऱ्हाणं घालताना, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं मागताना, म्हणतात तसंच. पडलेली बाईही म्हणाली. घरच्या भांडणापासून पावसापर्यंत सगळं त्यात येऊन गेलं आणि शेवटी येशूच्या नावानं आमेन झालं.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, "काकी, हे गाऱ्हाणं झालं. देवळातलं इथे कशाला आणलंत?"

"देवळात तरी बायलमाणसाक कोण घालूक देता गो?" ती म्हणाली. "थंय पुरुषच घालतत. हयसर कोणी पण चलता, असा तूच म्हणालंस. म्हणान घातलंय."

माझ्याच पत्रकातलं वाक्य ती मला ऐकवत होती.

रविवारी उपासनेआधी चर्चच्या पंचमंडळातल्या एका काकांनी दारातच गाठलं. पाळक मागे उभे होते.

"तुझ्या त्या विद्यार्थिनीनं गाऱ्हाणं घातलं म्हणे?"

"घातलं."

"मग नाव वगळायचं ना?"

मनातून मला ते गाऱ्हाणं तेव्हाही पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही.

"नको," मी म्हणाले. "कोणीही प्रार्थना चालवावी, असं मी लिहिलंय. माझ्यासारखी चालवावी, असं नाही."

पाळकांनी वहीत नाव लिहिलं आणि उपासनेत वाचून दाखवलं. मागच्या बाकावर तिनं हात पदराखाली घेतले.

पुढच्या बुधवारी मी गेले नाही. तिनं बोलावलंही नव्हतं.