एका ढगाची भावकी

सर टेबलावर मूठ आदळायचे, बशीत चहा सांडायचा आणि मग गर्जना व्हायची, "भावकी हाय ही, भावकी!"

सरांची भावकी म्हणजे आकाशातला तारकागुच्छ. वायू-धुळीच्या एकाच ढगातून जन्मलेले, अजून एकमेकांना धरून असलेले तारे. मी कोल्हापुरात सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो, विषय होता या ताऱ्यांतून निघणारे क्ष-किरण. कोवळे तारे भिंगरीसारखे गरगरतात आणि मधूनच त्यांचा असा भडका उडतो, की जवळपासच्या ग्रहाची काही धडगत नाही. "वय झालं की गार पडत्यात," सर सांगायचे. स्वतः मात्र पन्नाशी उलटली तरी गार पडायचं नाव घेत नव्हते.

माझ्या हातून एकदा घोडचूक झाली. दुर्बिणीच्या नोंदींत सूर्याकडून आलेल्या कणांचा कचरा मिसळतो, तो छाटावा लागतो. मी त्या कचऱ्याबरोबर एका ताऱ्याचा खराखुरा भडकाच छाटला आणि सपाट आलेख मोठ्या ऐटीत सरांपुढे ठेवला. पुढच्या क्षणी स्टूल भिंतीवर आणि माझी कॉलर सरांच्या मुठीत.

"घडलंय त्ये छाटतोस व्हय रं? खोटंच लिवायचं आसंल तर दुसरा गाईड बघ!"

फार राग आला मला त्यांचा. मग चार दिवस शेजारी बसून त्यांनीच त्या नोंदी माझ्याबरोबर पुन्हा चाळल्या, तेव्हा कुठे तो उतरला.

गेल्या उन्हाळ्यात राधानगरीकडच्या त्यांच्या गावी सरांची थोरल्या भावाशी शेताच्या बांधावरून जुंपली. शब्दानं शब्द वाढला आणि भावानं हातातलं खोरं सरांच्या डोक्यात घातलं.

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा उशी रक्तानं भिजली होती. हवालदार जबाब घेत होते. "कुणी मारलं, सर?"

दारात भाऊ उभा होता. पायाला शेतातली माती, शर्टावर सरांचं रक्त. त्याला बेड्या पडायला एक शब्द पुरे होता.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "कुणी न्हाय. पाय घसरला, दगडावर आपटलो."

"सर, खरं सांगा की!" मी ओरडलो.

"गप बस!" ते माझ्यावर खेकसले, तशी नाकातून रक्ताची धार लागली.

भाऊ भिंतीवर कपाळ आपटू लागला. त्याचा गळा दाबावासा वाटत होता मला, तरी मीच त्याला मागं ओढलं.

दुपारी सर गेले. सहीला हात उठत नव्हता, म्हणून त्या जबाबाखाली त्यांनी अंगठा उमटवला होता.