शेवटच्या डब्याचा रंग

टेबलावरच्या छोट्या रुळांवर वाफेचं इंजिन उभं आहे आणि त्यामागे कुठले डबे जोडावेत, हे मला चार दिवसांपासून ठरवता येत नाही. अशाच लहान लाइनीवर मी गार्ड होतो. तरी डबे तपकिरी होते की गेरूच्या रंगाचे, आठवत नाही. "कुठलेही लावा. गाडी गोल फिरली म्हणजे झालं," बायको म्हणते.

पण मला गाडी खरी हवी आहे. खरी म्हणजे कोणती? रंग विसरलो, खिडक्यांना गज होते का तेही विसरलो. शेवटच्या डब्याचा हँडब्रेक मी लावला नव्हता, हे मात्र लख्ख आठवतं. डबा उतारावरून घरंगळला आणि मालधक्क्यावर आदळला. ब्रेकचं काम रुळांचे सांधे बदलणाऱ्या गणपतरावांकडे होतं आणि ते झोपले होते, असं मी चौकशीत सांगितलं. त्यांची नोकरी गेली. मन काय जपतं आणि काय टाकून देतं, मला कळेनासं झालंय.

रंग सांगू शकणारे आता तेच एक उरलेत. काल फोन केला.

"तपकिरी. वर पिवळी पट्टी," ते म्हणाले. "एवढ्यासाठी आठवण झाली होय, गार्डसाहेब?"

मग मी ब्रेकचं सांगितलं.

"तोंडी नको, लिहून द्या. मुलगी अजून विचारते, बाबा, तुम्ही खरंच झोपला होतात का?"

म्हणून लिहितो: गणपतराव जागे होते. ब्रेक माझ्याकडे होता.